शर्यत विभागात निघालेल्या भाचीस

चि. मृण्मयीस,



तुझं पत्र वाचलं. पाठोपाठ ताईचा फोनही आला. ज्या मोटार कंपनीच्या शर्यत विभागात तुला जर्मनीत नोकरी मिळते आहे, तिच्यामागे सरकारी चौकशी लागल्याची कुजबुज आहे. आरोप शर्यतीच्या गाड्यांवर नाहीत, रस्त्यावर विकलेल्या गाड्यांच्या चाचण्यांवर आहेत. मग त्याची झळ शर्यत विभागापर्यंत येईल का, आलीच तर किती दिवसांनी, आणि अशा ठिकाणी जावं का, असं तू विचारतेस. ताईचं म्हणणं, "तू नको म्हणालास तर ती ऐकेल."

मी नको म्हणणार नाही. नोकरी घे. पण ती कशावर उभी आहे हे नीट समजून घे, आणि त्यासाठी फोक्सवॅगनचं प्रकरण एकदा मुळापासून वाच. त्या समूहात शर्यत आणि घोटाळा दोन्ही डिझेलच्या एकाच नावावर उभे होते, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याला कसा बसतो हे तिथे स्वच्छ दिसतं.

सुरुवात 2006 पासून कर. त्या वर्षी जूनमध्ये त्याच समूहातल्या ऑडीची आर10 टीडीआय ही गाडी ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. डिझेल गाडीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. साडेपाच लिटरचं, 12 सिलिंडरचं ते इंजिन. तिथून 2014 पर्यंत सलग नऊ वर्षं ले मान्स डिझेलनेच जिंकली: आठ वेळा ऑडीने, 2009 साली पेजोने. फोक्सवॅगनच्या टुआरेगने 2009, 2010 आणि 2011 अशा तीन डकार रॅली डिझेलवर मारल्या. डिझेल म्हणजे ट्रकचं, धुराचं, खडखडाटाचं इंजिन ही जुनी समजूत या विजयांनी पुसून काढली. आपल्याकडेसुद्धा 2010 साली फोक्सवॅगनचा पोलो कप सुरू झाला तो डिझेल पोलोंचाच.

आता त्याच 2006 सालात, त्याच समूहात, दुसऱ्या एका खोलीत काय चाललं होतं ते बघ. कंपनीने 2017 साली अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. तेव्हा मान्य केलेल्या हकिगतीनुसार, नवं डिझेल इंजिन अमेरिकेच्या कडक नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेत बसत नाही, आणि बसवलं तर गिऱ्हाइकाला आवडेल अशी गाडी राहत नाही, हे 2006 च्या सुमारास तिथल्या लोकांच्या ध्यानात आलं होतं. नियमात बसणारी गाडी आणायचं सोडून त्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं. गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे ते सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन चालू असल्याचा अवधी आणि हवेचा दाब यांवरून ओळखत असे. रोलरवर असली की धूर साफ करणारी यंत्रणा पूर्ण ताकदीने चाले. रस्त्यावर आली की ती ढिली पडे.

शर्यतवाल्यांनी यात काही खोटं केलं नव्हतं. ले मान्सला प्रश्न वेगळा होता: कमी इंधनात, न थांबता, सगळ्यांत जास्त अंतर कोण कापतो? त्याचं उत्तर आर10 ने खरंखुरं दिलं. नायट्रोजन ऑक्साइड किती निघतो हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं. पण शोरूममध्ये उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हा फरक कोण सांगणार? ट्रॉफी ले मान्सची, गाडीवरची 'टीडीआय' अक्षरं तीच, आणि जाहिरातीत 'स्वच्छ डिझेल'. शर्यतीतल्या खऱ्या उत्तराची पुण्याई रस्त्यावरच्या खोट्या उत्तराला मिळत गेली. 2016 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या 'स्वच्छ डिझेल' जाहिरातींवरच खटला भरला. तुझ्या हातचं काम चोख असलं तरी ते कशाच्या जाहिरातीला लावलं जातंय, हे तुला माहीत असायला हवं, ते यासाठी.

उघडकीला कसं आलं, हे तुझ्या वयाच्या मुलामुलींनी तरी विसरू नये. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाला मोजमापाचं काम मिळालं होतं. त्यात भारतातून शिकायला गेलेले तरुणही होते. त्यांनी गाडीच्या डिकीत वायू मोजायची उपकरणं आणि जनरेटर ठेवला आणि कॅलिफोर्नियातल्या रस्त्यांवर गाड्या चालवल्या. एक तर थेट सिॲटलपर्यंत नेली. कुणाला पकडायला ते निघालेच नव्हते. प्रयोगशाळेत आदर्श ठरलेली गाडी रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट वायू सोडते, असे आकडे दिसू लागले तेव्हा आधी त्यांना आपल्या उपकरणांचीच शंका आली. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने पाठपुरावा केला आणि 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोटीस काढली. तिच्यात 40 पटीपर्यंतचा आकडा होता. जगभरच्या बाधित गाड्यांची संख्या कंपनीनेच 1 कोटी 10 लाख सांगितली. पाच दिवसांत प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न पायउतार झाले.

आणि हे फार लांबचं नाही. तू जिथे सकाळी पळायला जायचीस त्या एआरएआय टेकडीवरच्या संस्थेनेच भारतातल्या गाड्या तपासल्या, आणि रस्त्यावरचं उत्सर्जन मर्यादेच्या काही पट निघालं. डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. भारतातला नियम आपण मोडलेला नाही, असं तिचं म्हणणं कायम राहिलं. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 कोटींचा दंड ठोठावला, कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि वसुली थांबली. चाकणच्या कारखान्यातल्या कामगाराने वुल्फ्सबर्गमधलं सॉफ्टवेअर कधी पाहिलंही नसेल. तरी त्या दिवसांत पाहुण्यांकडे गेल्यावर त्यालाच उत्तरं द्यावी लागत. अशा कंपनीत काम करणाऱ्याची ही एक बिनपगारी ड्यूटी असते. तुझ्याही वाट्याला येईल, तेव्हा चिडू नकोस.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. शर्यत विभागाचं पुढे काय झालं?

पहिल्या दोन महिन्यांत वरवर काहीच नाही. रॅलीत पोलो जिंकत राहिल्या, ट्रॉफ्या येत राहिल्या. मग नोव्हेंबर 2015 च्या अखेरीस एक लहानशी बातमी आली: पुढच्या ले मान्सला ऑडी आणि त्याच समूहातली पोर्शे तीन-तीनऐवजी दोन-दोनच गाड्या उतरवतील. खर्चात काटकसर, एवढंच कारण. जाणत्यांनी तिथेच ओळखलं. कार्यक्रम बंद करायच्या आधी तो बारीक केला जातो, हे कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्यानंतर जवळजवळ वर्ष शांततेत गेलं. आणि 2016 च्या अखेरीस सगळं एकदम आलं. 26 ऑक्टोबरला ऑडीचे प्रमुख रुपर्ट स्टॅडलर यांनी शर्यत विभागातल्या लोकांना बोलावून सांगितलं की ले मान्स आणि जागतिक सहनशक्ती मालिका या वर्षाअखेर बंद; यापुढे विजेवरची फॉर्म्युला ई. तेव्हा ऑडीच्या नावावर ले मान्सचे 13 विजय होते. त्याच आठवड्याच्या शेवटी फोक्सवॅगनने वेल्सच्या रॅलीत उत्पादकांचं जगज्जेतेपद सलग चौथ्यांदा मिळवलं, आणि 2 नोव्हेंबरला जाहीर केलं की जागतिक रॅलीतून आपण बाहेर. चार मोसमांत 52 रॅलींपैकी 43 जिंकलेला तो संघ. 2017 च्या नव्या नियमांसाठी नवी पोलो जवळजवळ तयार होती. कारखान्याच्या संघाने ती एकदाही स्पर्धेत उतरवली नाही.

18 नोव्हेंबरला फोक्सवॅगनने जगभरातल्या 30 हजार नोकऱ्या कमी करण्याचा करार जाहीर केला. 19 तारखेला बहारीनमध्ये ऑडीने आपली शेवटची शर्यत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाने संपवली. 20 तारखेला ऑस्ट्रेलियात पोलोने शेवटची रॅली जिंकली. हे तीन दिवस एकापुढे एक ठेवून बघ, म्हणजे कुणाच्या हातात काय होतं ते कळेल. 30 हजार घरांना निरोप देणारा व्यवस्थापक त्याच आठवड्यात रॅलीचं अंदाजपत्रक मंजूर करायला कोणत्या तोंडाने बसणार? तिथे जिंकणं कामाला येत नाही. लग्न मोडलं तर त्यात घोड्याचा दोष नसतो, पण वरातीतून सगळ्यांत आधी परत पाठवला जातो तो घोडाच.

पण "घोटाळ्याने शर्यत बंद पाडली" असं सरळ वाक्यही लिहून ठेवू नकोस. ऑडी आणि पोर्शे या एकाच समूहाच्या दोन कंपन्या एकाच वर्गात एकमेकींविरुद्ध प्रचंड पैसा ओतत होत्या. 2015 पासून पोर्शे पेट्रोल-हायब्रीडवर जिंकत होती आणि ऑडीचं डिझेल मागे पडत होतं. हा दुहेरी खर्च घोटाळा नसता तरी कधीतरी कुणाच्या डोळ्यांत आलाच असता. पोर्शेने तर जुलै 2017 पर्यंत निर्णय लांबवला, तिसऱ्यांदा ओळीने ले मान्स जिंकून मगच बाहेर पडण्याची घोषणा केली. घोटाळ्याशिवायही संघ बंद होतात: पेजोने जानेवारी 2012 मध्ये मंदीचं कारण देऊन ले मान्सचा कार्यक्रम असाच गुंडाळला, मोसम तोंडावर असताना.

मग घोटाळ्याने नेमकं काय केलं? माझ्या समजुतीने, त्याने शर्यत विभागाची बाजू मांडणारं माणूस बैठकीतून काढून घेतलं. मोठ्या कंपनीत शर्यत टिकते ती वर बसलेल्या एखाद्या शौकिनाच्या जोरावर. पोर्शेचे संशोधनप्रमुख वोल्फगांग हाट्झ यांचं बघ. 2015 च्या जूनमध्ये त्यांच्याच अखत्यारीतल्या 919 गाडीने ले मान्स जिंकली. तीन महिन्यांनी, पूर्वी ऑडीत इंजिनांचे प्रमुख असतानाच्या कारभारावरून, ते निलंबित झाले. 2023 साली म्युनिकच्या न्यायालयाने त्यांना आणि स्टॅडलरना दोषी ठरवून स्थगित कारावास दिला. इंजिनावर जीव असलेली हाट्झसारखी माणसं शर्यतीची पाठीराखी होती, आणि चौकशीचा पहिला फटका इंजिनवाल्यांनाच बसला. नव्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला जुन्या ट्रॉफ्यांचा अभिमान नसतो. त्याला नवी गोष्ट सांगायची असते.

ती नवी गोष्ट होती विजेची. अमेरिकेतल्या तडजोडीचा भाग म्हणून कंपनीला 2 अब्ज डॉलर शून्य-उत्सर्जन वाहनांच्या सोयींवर खर्च करावे लागले. चार्जिंगचं एक अख्खं जाळं त्यातून उभं राहिलं. शर्यत विभागालाही तीच दिशा मिळाली. हॅनोव्हरच्या ज्या कार्यशाळेत रॅलीची पोलो तयार झाली, तिथेच आयडी.आर ही विजेवरची गाडी झाली. जून 2018 मध्ये तिने अमेरिकेतला पाइक्स पीकचा घाट 7 मिनिटं 57.148 सेकंदांत चढून सगळे जुने विक्रम मोडले, पेट्रोलचेसुद्धा. पुढच्या वर्षी न्युरबुर्गरिंगची मोठी फेरी 6 मिनिटं 5 सेकंदांत मारली. लोकांना वाटलं, विभाग वाचला. 1 डिसेंबर 2020 ला कंपनीने जाहीर केलं की फोक्सवॅगन मोटरस्पोर्ट ही संस्थाच बंद होणार. त्याच्या आदल्या दिवशी ऑडीने फॉर्म्युला ई सोडत असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे जुनी गोष्ट सांगणारे गेले, आणि नवी गोष्ट सांगून झाल्यावर ती सांगणारेही गेले. दोन वर्षं उलटायच्या आत ऑडीने 2026 पासून फॉर्म्युला वनमध्ये उतरण्याची घोषणा केली. या फेऱ्यांत न्याय-अन्याय शोधत बसू नकोस.

टिकलं काय, ते मात्र शोध. तुझ्या उपयोगाचं ते आहे. जे खाजगी संघांना विकलं जात होतं ते टिकलं: जीटी3 वर्गातल्या ऑडी आर8, पोर्शे 911. त्या गाड्या संघ विकत घेत, सुटे भाग विकत घेत, तंत्रज्ञाचे पैसे मोजत. विभाग स्वतःची रोजीरोटी कमावत असे. कारखान्याची रॅली बंद झाल्यावरसुद्धा फोक्सवॅगनने खाजगी संघांसाठी वेगळी पोलो बनवून 2018 पासून विकली. जपानच्या मित्सुबिशीचंही असंच. गाड्यांतले दोष वर्षानुवर्षं दडवल्याचं 2000 मध्ये आणि पुन्हा 2004 मध्ये बाहेर आलं, कंपनी गाळात गेली. 2005 च्या अखेरीस जागतिक रॅली सुटली, पण डकार 2009 पर्यंत चालू राहिली. लान्सरच्या रॅलीपेक्षा पजेरोचं वाळवंट कंपनीला विक्रीच्या जास्त जवळचं वाटलं असावं. संकटात वैभवाचा खर्च आधी जातो, कमाईचा सगळ्यांत शेवटी.

आणि माणसं? सेबास्टियन ओजिए हा रॅलीचा जगज्जेता दुसऱ्या संघात गेला, फोर्डच्या गाडीत बसून 2017 आणि 2018 ची अजिंक्यपदंही त्याने जिंकली. ऑडीच्या गाड्या प्रत्यक्ष चालवणारा योस्ट हा खाजगी संघ अमेरिकेत माझ्दासाठी काम करू लागला. हॅनोव्हरच्या 169 कर्मचाऱ्यांना मूळ कंपनीत सामावून घ्यायचं ठरलं. पण शर्यतीच्या कार्यशाळेतून मोठ्या कंपनीच्या विभागात जाणं म्हणजे पगार राहतो, कामाचा सूर बदलतो. सर्वांत वाईट अवस्था झाली ती सॉफ्टवेअरवाल्यांची. एका इंजिनिअरला डेट्रॉइटच्या न्यायालयाने 40 महिन्यांची कैद दिली. तो कुणी संचालक नव्हता. वरून आलेलं काम त्याने केलं होतं, आणि ते चूक आहे हे माहीत असून केलं होतं. न्यायालयाने दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि शिक्षा दिली.

इथे तुला एक जरा कडक गोष्ट सांगतो, कारण तू कॅलिब्रेशनमध्ये जाणार आहेस. शर्यतीत नियमपुस्तकाच्या फटी शोधणं हा धंद्याचाच भाग आहे. जे मना केलेलं नाही ते करून बघायचं, समोरचाही तेच करतो, आणि तपासनीस गाडी खोलून बघणार हे दोघांनाही माहीत असतं. ही सवय बुद्धीला धार लावते. पण एक रेघ आहे, ती शर्यतीतसुद्धा आहे. 1995 साली स्पेनमधल्या कॅटलुन्या रॅलीत टोयोटाच्या संघाच्या टर्बोमध्ये एक करामत सापडली. हवा मर्यादित ठेवणारा रिस्ट्रिक्टर बसवलेला असताना बाजूने जास्त हवा आत जाई, आणि तपासायला खोलला की ती वाट आपोआप मिटून सगळं नियमात दिसे. संघाचं त्या मोसमातलं सारं काही रद्द झालं आणि 12 महिन्यांची बंदी आली. कोलोनमध्ये बसणारा तो संघ 1998 मध्येच पूर्ण ताकदीने परतू शकला.

वीस वर्षांचं अंतर, एक रॅलीची गाडी, एक बाजारातली, पण घडण तीच: तपासताना एक वागणं, धावताना दुसरं. तुला रेघ ओळखायची एवढी खूण पुरे. नियमाची फट वापरणारी रचना तपासनीसापुढेही तशीच राहते, तो म्हणेल, "हुशार आहात, पुढच्या वर्षी नियम बदलतो." तपासनीसाला ओळखून रूप बदलणारी रचना वेगळी. कोडमध्ये असा एखादा 'जर' दिसला, की गाडी कुठे आहे ते आधी बघायचं आणि मग कसं वागायचं ते ठरवायचं, तर तिथे थांब. विचार, लेखी विचार, आणि समाधानकारक लेखी उत्तर आल्याशिवाय त्याखाली तुझं नाव घालू नकोस. "तोंडी बोलू, मेल कशाला?" असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी जास्तच सावध राहा.

तुझ्या क्षेत्राचा एक गुणही सांगायला हवा, नाहीतर मी फक्त भीती घातली असं होईल. 2014 पासून ले मान्सच्या वरच्या वर्गातल्या गाड्यांवर इंधनाचा प्रवाह धावता धावता मोजणारी मापकं होती. दर फेरीत किती ऊर्जा वापरली हे आयोजकांना तिथल्या तिथे कळे. रस्त्यावरच्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावर मोजण्याचा नियम युरोपात 2017 मध्ये आला, आपल्याकडे बीएस-6 च्या दुसऱ्या टप्प्यासोबत एप्रिल 2023 मध्ये. मोजमाप गाडीबरोबर धावलं पाहिजे हा धडा शर्यतीने आधी गिरवला होता. शर्यत विभागातून घडलेला माणूस रोज खऱ्या आकड्यांशी जगतो. खोटा आकडा लिहिला तर रविवारी दुपारी जगापुढे तोंडघशी पडतो. ही शिस्त अंगी बाणली तर कंपनीचं नाव बदलो, तुझं काम अडणार नाही.

आता सही करण्याआधी काय विचारायचं ते सांगतो. तुझी नेमणूक मूळ कंपनीत आहे की शर्यतीसाठी काढलेल्या वेगळ्या संस्थेत? वेगळी संस्था असेल तर ती बंद झाल्यास मूळ कंपनीत सामावून घेण्याचं कलम आहे का? विभाग खाजगी संघांना गाड्या आणि सुटे भाग विकतो का, आणि त्यातून खर्चाचा किती भाग निघतो? आयोजकांशी बांधिलकी कोणत्या वर्षापर्यंत जाहीर झालेली आहे? प्रोबेशनचा काळ किती? नोकरी गेली तर व्हिसावर किती मुदत मिळते, ते तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातच विचारून घे, मित्रमैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर राहू नकोस. मुलाखतीत हे विचारलं तर वाईट दिसेल अशी शंका ठेवू नकोस. जर्मन माणसाला नीट विचारलेला प्रश्न आवडतो.

रुजू झाल्यावर विभाग बारीक होतोय का यावर लक्ष ठेव. तीन गाड्यांच्या दोन झाल्या, चाचणीचे दिवस कमी झाले, पुढच्या मोसमाच्या सुट्या भागांची मागणी लांबली, विभागप्रमुख दुसरीकडे गेले आणि जागा 'हंगामी' भरली, की घोषणेची वाट बघत बसू नकोस. फोक्सवॅगनच्या लोकांना सुमारे वर्षभराचा अवधी मिळाला होता. तुलाही मिळेल. तो अफवा चघळण्यात घालवणारे पुष्कळ असतात. तू तो शिकण्यात घाल: डेटा विश्लेषण, हायब्रीडचं नियंत्रण, बॅटरीचं तापमान, जे कोणत्याही झेंड्याखाली चालेल ते. कंपनीची गुपितं सोडून तुझ्या कामाची नोंद तारखांसकट ठेव. आणि जर्मन भाषा पक्की कर. बैठकीत इंग्रजी बोलतात, खरं काय ते जेवणाच्या टेबलावर बोलतात.

उद्या बातमी फुटलीच, तर समाजमाध्यमांवर कंपनीची वकिली करू नकोस आणि तिच्यावर थुंकूही नकोस. चौकशीवाल्यांनी तुला काही विचारलं तर खरं सांग, तुझ्या माहितीपुरतंच सांग. कुणी काही पुसून टाकायला सांगितलं तर पुसू नकोस. त्या प्रकरणात पुरावे नष्ट केल्याचा गुन्हाही कंपनीला वेगळा कबूल करावा लागला होता.

ताईला मी समजावतो. तिची भीती नोकरी जाण्याची नाहीच, "वाईट लोकांत" पडण्याची आहे. तिला मी सांगेन की एवढ्या मोठ्या समूहात फसवणारे मूठभर होते, गप्प बसलेले पुष्कळ, आणि ज्यांना त्यातलं काही ठाऊकच नव्हतं असे लाखो. मृण्मयीला या तिसऱ्या गटात फार दिवस राहता येणार नाही, कारण कॅलिब्रेशनच्या टेबलावर सगळं दिसतं. म्हणून तिने पहिल्या दोन गटांत जाऊ नये, एवढीच काळजी आपण करायची, आणि तेवढी तिची तयारी आहे असं मला वाटतं.

वर लिहिलेल्या प्रश्नांपैकी संस्थेचा आणि सामावून घेण्याचा, हे दोन पहिल्यांदा विचार. त्यांची उत्तरं लेखी आली की मला पाठव. मगच सही कर.

तुझा,
मामा